धारेवरची वाट

पुण्याच्या नैर्ऋत्येस, सह्याद्रीच्या डोंगररांगांत, राजगड आणि तोरणा हे दोन किल्ले एकमेकांचे शेजारी आहेत. सरळ रेषेत मोजले तर त्यांच्यामधील अंतर सात-आठ किलोमीटरच भरेल. तोरण्याची उंची समुद्रसपाटीपासून १४०३ मीटर आहे. राजगड त्याहून थोडासा ठेंगणा. सतराव्या शतकाच्या मध्यास शिवाजी महाराजांनी तोरणा घेतला आणि त्यानंतर समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड बांधला. पुढे रायगड राजधानी होईपर्यंत स्वराज्याचा कारभार याच राजगडावरून चालला. २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले समाविष्ट झाले, त्यांत राजगडही आहे.

परंतु आज मला सांगायचे आहे ते या किल्ल्यांविषयी नव्हे, तर त्यांना जोडणाऱ्या वाटेविषयी.

दोन दऱ्यांच्या मध्ये डोंगराची जी अरुंद, लांबट पाठ उंचावलेली असते, तिला आपल्याकडे धार म्हणतात. राजगडाच्या संजीवनी माचीपासून तोरण्याच्या बुधला माचीपर्यंत अशी एक धार वळणे घेत गेलेली आहे. तिच्यावरून चालू लागले की उजव्या हाताला वेल्ह्याकडचे खोरे दिसते आणि डाव्या हाताला, खूप खाली, भाटघर धरणाचे पाणी चकाकते. धार सगळीकडे सारख्या उंचीची नसते. मध्येच ती टेकाडासारखी फुगते, मध्येच खाली दबते. जेथे ती फार दबलेली असते त्या जागेला खिंड म्हणतात. डोंगर ओलांडणारे रस्ते बहुधा खिंडीतूनच जातात. धारेपासून दोन्ही अंगांना हत्तीच्या सोंडेसारखे उतार सुटलेले असतात; त्यांचे नावही सोंड असेच आहे. हे शब्द आपल्या पूर्वजांनी कोशात बसून बनवले नाहीत, ते पायांनी बनवले आहेत. आणि डोंगरात ते जितके उपयोगी पडतात तितका कोणताही नकाशा पडत नाही, असे निदान माझे मत आहे.

२०१८ सालच्या दिवाळीच्या सुटीत आमच्या शाळेतील बारा मुले, भूगोल शिकवणारे आमचे वयोवृद्ध गुरुजी आणि मी, असे चौदा जण राजगडावर गेलो होतो. रात्री पद्मावती देवीच्या देवळात मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी धारेने तोरण्यावर जायचे आणि रात्री तेथील मेंगाई देवीच्या देवळात उतरायचे, असा बेत होता. मी त्यापूर्वी ही वाट कधी चाललो नव्हतो. गुरुजी मात्र तरुणपणी अनेकदा जाऊन आले होते. तरीही पुढे चालण्याचे काम त्यांनी माझ्याकडे दिले आणि स्वतः सर्वांच्या मागे राहिले. "पुढच्याने वाट पाहायची, मागच्याने माणसे पाहायची," एवढेच ते म्हणाले.

सकाळी सातला आम्ही निघालो. संजीवनी माची सुमारे अडीच किलोमीटर लांब आहे आणि तीन टप्प्यांनी उतरत जाते. तिच्या कडेने दुहेरी तटबंदी आहे. तिच्यामधल्या अरुंद बोळांत मुले शिरली, की त्यांना बाहेर काढता काढता पुरेवाट झाली. आळू दरवाज्यातून गडाबाहेर पडलो तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. तेथून जो उतार लागला, त्याने आमची थट्टामस्करी एकदम बंद केली. बारीक मुरूम आणि त्यावर पसरलेले सुटे खडे! पाय टेकावा तर तो आपला राहत नसे. गुरुजींनी सर्वांना थोड्या थोड्या अंतराने, गुडघे किंचित वाकवून, संपूर्ण तळवा टेकीत उतरायला लावले. टाचा रोवून उतरणारा माणूस घसरला की पाठीवर पडतो. वाकून, तळवा टेकून उतरणारा निदान बसतो. वरच्या मुलाच्या पायाने सुटलेला दगड खालच्याच्या अंगावर येऊ नये, म्हणून सगळे एकाखाली एक न राहता थोडे तिरकस उतरत होते.

उतार संपला आणि धार लागली. पावसाळा संपून जेमतेम महिना-सव्वामहिना झाला होता. गवत मुलांच्या डोक्यापर्यंत वाढलेले, वरून पिवळे पडू लागलेले, आणि बुंध्याशी अजून ओलसर. वाट त्या गवतात एखाद्या नाल्यासारखी बुडून गेली होती. पायांना ती लागत होती, डोळ्यांना दिसत नव्हती. अधूनमधून एखाद्या खडकावर रंगाने काढलेला बाण दिसे, तेवढाच दिलासा.

नोव्हेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. आमचे तोंड पश्चिमेला होते. त्यामुळे धारेचे डावे, म्हणजे दक्षिणेकडचे अंग उन्हात तापत होते आणि उजव्या, उत्तरेकडच्या अंगावर सावली होती. पहिल्या तासाभरात मुले घामाघूम झाली. इतक्यात समोर एक टेकाड आले. धार सरळ त्याच्या माथ्यावर चढत होती. पण टेकाडाच्या पायथ्याशी एक पायवाट फुटून उजव्या बगलेने, झाडीतून, जवळजवळ सपाटीने गेलेली दिसली. थंडगार सावली, चढ नाही, आणि वाटही चांगली मळलेली. मी क्षणभरही थांबलो नाही. "या बाजूने," असे म्हणून मी त्या वाटेला लागलो आणि सगळी रांग माझ्यामागे आली.

अर्धा तास आम्ही मजेत चाललो. हळूहळू वाट अरुंद झाली. मग तिला दोन फाटे फुटले, दोहोंचे चार झाले. कारवीची झुडपे दोन्ही बाजूंनी अंगाला घासू लागली. फांद्या छातीशी अडत होत्या. मी त्या हाताने बाजूला सारीत पुढे रेटत होतो. शेवटी एका घळीत येऊन वाट संपली. संपली म्हणजे अक्षरशः संपली. समोर दगडगोट्यांनी भरलेला, खाली उतरत गेलेला ओढा होता. पलीकडे पुन्हा गर्द झाडी.

घळीच्या तोंडातून दूर खाली एक गाव दिसत होते. कौले उन्हात चमकत होती, आणि कुत्र्याचे भुंकणेही ऐकू येत होते. ते इतके जवळ वाटत होते की आमच्यातील एक धीट मुलगा म्हणाला, "सर, आपण सरळ या ओढ्याने खाली उतरू. अर्ध्या तासात गावात पोहोचू आणि तिथून विचारून तोरण्याला जाऊ." दोन-तीन जणांनी लगेच त्याला दुजोरा दिला. खरे सांगायचे तर माझ्याही मनात तेच आले होते. आलेल्या वाटेने परत जायचे म्हणजे अर्ध्या तासाचे श्रम वाया, आणि वर चूक कबूल करणे आलेच!

एवढ्यात गुरुजी मागून येऊन पोहोचले. त्यांनी घळीकडे पाहिले, गावाकडे पाहिले आणि एका दगडावर बसून त्या मुलाला विचारले, "तुमच्या घरी जिना आहे?"

"आहे, गुरुजी."

"त्याच्या वरच्या पायरीवर उभे राहून खाली पाहिलेस तर तुला काय दिसते?"

"पायऱ्या."

"पायऱ्यांचे काय दिसते? सपाट भाग दिसतात, की उभ्या बाजू?"

मुलगा विचारात पडला. मग हळूच म्हणाला, "सपाट भाग. उभ्या बाजू खालून दिसतात."

"मग हा डोंगर म्हणजे जिना आहे असे समज," गुरुजी म्हणाले.

आणि त्या घळीतच त्यांनी आम्हांला सह्याद्रीची घडण सांगितली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून तप्त लाव्हा वारंवार बाहेर आला आणि थरावर थर पसरत गेला. त्यातून जो काळा खडक बनला, त्याला बसाल्ट म्हणतात. काही थर घट्ट आणि कठीण, तर काही सच्छिद्र आणि ठिसूळ. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात वरचा पृष्ठभाग ऊनपावसाने झिजून मातीसारखा झाला. नंतर आलेल्या लाव्हाखाली तो भाजला आणि त्याचा तांबडा पट्टा बनला. पाऊस ठिसूळ थर लवकर कापतो. तेथे उतार किंवा सपाटी तयार होते. कठीण थर सहजी झिजत नाही; तेथे उभा कडा राहतो. उतार, कडा, पुन्हा उतार, पुन्हा कडा, अशी ही पायऱ्यांची रचना आहे. या खडकाला इंग्रजीत जे 'ट्रॅप' हे नाव पडले, तेही स्वीडिश भाषेतील जिना या अर्थाच्या शब्दावरून.

"वरून आपल्याला उतारावरची झाडी दिसते आणि तिच्यापुढे एकदम गाव दिसते," गुरुजी पुढे म्हणाले, "मधला कडा दिसत नाही. ओढ्याला तो अडवत नाही. पाणी उडी मारू शकते. आपल्याला मारता येईल का? आणि ओढ्यातले खडक उतरताना आपण जेथे जेथे बसून, घसरून खाली येऊ, तेथे परत वर चढता येईल याचा भरवसा काय? खाली कडा लागला आणि वर चढता आले नाही, तर आपण मधल्या पायरीवर अडकलो."

घळीत शांतता पसरली. मी म्हणालो, "गुरुजी, चूक माझी आहे. वाट बदलताना मी थांबायला हवे होते."

"अहो सर, मीसुद्धा थांबा म्हणालो नाही," ते हसून म्हणाले. "मलाही सावली हवीच होती. आता सांगा पाहू, आपण खात्रीने वाटेवर होतो अशी शेवटची जागा कोणती?"

मुलांना ती आठवत होती. टेकाडाच्या पायथ्याशी, जेथे वाट फुटली होती, तेथे एका खडकावर बाण होता. आम्ही परत फिरलो. जाताना ज्या वाटेला अर्धा तास लागला होता, तिला परत येताना पाऊण तास लागला. कारण चार फाट्यांपैकी आपण कोणत्याने आलो हे दोन ठिकाणी कळेना. बाणाच्या खडकाशी पोहोचलो तेव्हा पाहतो तो बाणाचे टोक स्पष्टपणे वर, टेकाडाच्या माथ्याकडे होते. गवताची एक झुपकी त्यावर आली होती, एवढेच. मी ती बाजूला करून पाहिली असती तर! असो.

तेथेच म्हशी चारणारा एक म्हातारा धनगर भेटला. आम्ही कोठून आलो ते त्याने कपड्यांना चिकटलेल्या कुसळांवरूनच ओळखले.

"मास्तर, ती ढोरवाट हाय," तो म्हणाला. "ढोरं सावलीला जात्यात, पान्याला जात्यात. त्यास्नी कुटं तोरन्याला जायाचंय?"

"पण आजोबा, वाट तर चांगली मळलेली होती," एक मुलगी म्हणाली.

"मळली म्हंजी मानसाची झाली व्हय, पोरी? खाली बगू नगंस, वर बग. ढोराच्या उंचीच्या वरल्या फांद्या मोडल्यात का? मानूस बोजा घिऊन जातुया, त्याच्या छातीला, डोस्क्याला फांदी लागती, तवा तो मोडतुया न्हाईतर तोडतुया. ढोर खालनं निगून जातं."

मला त्या छातीशी अडणाऱ्या फांद्या आठवल्या. अर्धा तास त्या मला हेच सांगत होत्या. आणखीही एक गोष्ट त्या म्हाताऱ्याने सांगितली. ढोरवाट पुढे जाता जाता फुटत जाते, कारण प्रत्येक जनावर चाऱ्यासाठी आपापली दिशा धरते. माणसाच्या वाटेला फाटे फुटले तरी ते पुढे पुन्हा एकत्र येतात. बगलेची प्रत्येक वाट खोटी असते असे मात्र नाही, हे गुरुजींनी आम्हांला बजावले. कित्येकदा टेकाडावर चढण्याचे श्रम वाचवण्यासाठी जाणती माणसेही बगलेनेच जातात. पण अशी वाट टेकाडापलीकडे पुन्हा धारेला मिळालीच पाहिजे. शिरण्यापूर्वी थोडे वर चढून ती तशी मिळताना दिसते का, हे पाहावे; पाच मिनिटे लागतात.

यानंतर आम्ही धार सोडली नाही. टेकाडे चढलो, उतरलो. एका माथ्यावरून उतरताना समोर दोन सोंडा दिसल्या, दोन्ही सारख्याच रुंद. डावीकडची अधिक सोपी वाटत होती. या वेळी मी थांबलो. गुरुजींनी मुलांकडूनच उत्तर काढून घेतले. डोंगर चढताना वाट सहसा चुकत नाही, कारण सगळ्या सोंडा वर एका माथ्याला येऊन मिळतात. उतरताना मात्र त्याच सोंडा एकमेकींपासून दूर जातात, आणि माथ्यावर चार पावलांची चूक झाली तर खाली दोन खोऱ्यांचे अंतर पडते. आम्हांला जायचे होते खिंडीकडे. ज्या सोंडेच्या पुढे जमीन पुन्हा उंचावत तोरण्याकडे गेलेली दिसत होती, ती आमची. जी थेट दरीत उतरून पाण्याकडे गेली होती, ती आमची नव्हे. उजवीकडच्या वाटेला लागलो आणि थोड्याच वेळात खाली डांबरी रस्ता दिसू लागला.

वेल्ह्याहून भुतोंड्याकडे जाणारा रस्ता या खिंडीतून धार ओलांडतो. आम्ही तेथे पोहोचलो तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. बेताप्रमाणे अकराला पोहोचायचे होते. समोर तोरणा उभा होता. त्याच्या माचीवरचा बुधल्यासारखा सुळका स्पष्ट दिसत होता. पूर्वी तेल-तूप ठेवण्याचे चामड्याचे भांडे असे, त्याला बुधला म्हणत. त्यावरूनच त्या माचीचे नाव पडले आहे. मुलांच्या अंगात पुन्हा जोर आला. "ते काय, आलंच!" असे सगळे म्हणू लागले.

गुरुजींनी सर्वांना खाली बसवून पाण्याच्या बाटल्या बाहेर काढायला सांगितल्या. प्रत्येकाकडे जेमतेम अर्धा लिटर पाणी उरले होते. पुढच्या धारेवर भरवशाचे पाणी नाही. मग त्यांनी एका मुलाला वही-पेन्सिल काढायला लावली.

स्कॉटलंडमधील नेस्मिथ नावाच्या एका गिर्यारोहकाने १८९२ साली डोंगरातल्या चालीचा एक साधा हिशेब सांगितला होता. अंतरासाठी दर ५ किलोमीटरांना १ तास धरावा. शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी १ तास मिळवावा. गुरुजींच्या अंदाजाने आमचे सुमारे ६ किलोमीटर अंतर राहिले होते आणि टेकाडांचे चढउतार धरून सुमारे ६०० मीटर चढ होता. मुलांनी भराभर आकडे मांडले. अंतराचे १ तास १२ मिनिटे, चढाचा १ तास. एकूण २ तास १२ मिनिटे.

"म्हणजे चारला पोहोचतो!" एक जण ओरडला.

"नेस्मिथसाहेब पोहोचतील," गुरुजी म्हणाले. "तो हिशेब मोकळ्या वाटेचा आणि धडधाकट माणसाचा. आपल्यापुढे गवत आहे, पाठीवर ओझे आहे, आणि सकाळपासून साडेसहा तास आपण चालतो आहोत. त्याची दीडपट करा."

दीडपट केली तेव्हा ३ तास १८ मिनिटे झाली. त्यात विश्रांतीचा अर्धा तास. पावणेदोनला निघालो तरी साडेपाच वाजणार होते. नोव्हेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. आणि या वाटेचा सर्वांत अवघड भाग, म्हणजे माचीवर चढतानाचा उभा, खडकाळ टप्पा, नेमका शेवटीच होता. आणखी एकदा वाट चुकली, एखाद्याचा पाय मुरगळला, तर तो टप्पा अंधारात पडणार होता.

आम्ही हा हिशेब करीत असतानाच मागून पाच-सहा तरुणांची एक टोळी आली. त्यांनी रस्त्यावर दोन घोट पाणी घेतले, आम्हांला हात केला आणि ते भराभर पुढे चढून गेले. त्यांना पाहून मुले फारच कासावीस झाली. मीही झालो. गुरुजींना बाजूला घेऊन मी म्हणालो, "जरा वेगाने चाललो तर जमेल असे नाही का वाटत?"

"जमेल असे मलाही वाटते," ते म्हणाले. "दहांतून आठ वेळा जमेल."

पुढे ते काही बोलले नाहीत. मी बाराही मुलांकडे पाहिले. सर्वांत लहान मुलगी बूट काढून पायाचा फोड बघत होती. मी जाऊन सांगितले की आपण रस्त्याने वेल्ह्याला उतरत आहोत. कोणी विरोध केला नाही. पण कोणी बोललेही नाही. त्या रस्त्याने उतरताना मागे वळून पाहायची कोणाची इच्छा नव्हती.

रात्री वेल्ह्यात जेवणे झाल्यावर आम्ही अंगणात बसलो होतो. समोर तोरण्याचा प्रचंड काळा आकार आकाशाला टेकलेला. नऊच्या सुमारास एका मुलाचे लक्ष गेले. माचीच्या खाली, उंचावर, दोन-तीन दिव्यांचे ठिपके हलत होते. कधी ते एका जागी खिळत, कधी एक मागे राही, कधी खाली येऊन पुन्हा वर जाई. जवळजवळ तासभर आम्ही सर्वजण ते पाहत होतो. मग ते ठिपके माचीवर चढून दिसेनासे झाले.

"गुरुजी, म्हणजे ते पोहोचलेच की," तो मुलगा म्हणाला. त्याच्या आवाजात किंचित तक्रार होती.

"पोहोचले. बरे झाले," गुरुजी म्हणाले. "पण हे आपल्याला दहा वाजता कळले. पावणेदोन वाजता ते त्यांनाही ठाऊक नव्हते आणि आपल्यालाही."

मुलाचे समाधान झाले की नाही, मला सांगता येणार नाही. माझे स्वतःचेही त्या रात्री पुरते झाले नव्हते.

जानेवारी २०१९ मध्ये आम्ही पुन्हा गेलो. बारांपैकी दहा मुले आली. या वेळी निघालो तेव्हा उजाडले नव्हते. विजेऱ्यांच्या उजेडात माची ओलांडली आणि आळू दरवाज्याशी येऊन तांबडे फुटण्याची वाट पाहिली. प्रत्येकाजवळ तीन लिटर पाणी होते. वाट तीच, पण ओळखू येत नव्हती. डोक्याएवढे गवत आता वाळून आडवे झाले होते, आणि वाट दूरवर एखाद्या फितीसारखी स्वच्छ दिसत होती. मात्र हे वाळके गवत फसवे! ते पायाखाली असे सरकते की तेल सांडल्याचा भास व्हावा. नोव्हेंबरात दृष्टीची परीक्षा होती, जानेवारीत तोलाची झाली. पावसाळ्यात हीच धार धुक्यात बुडते, दहा हातांवरचे दिसत नाही आणि खडकांवर शेवाळ चढते; मे महिन्यात येथे सावली नाही, पाणी नाही, आणि वणव्याचे भय. वाटेची माहिती विचारताना महिना सांगायला विसरू नका.

टेकाडाच्या पायथ्याशी तो बाणाचा खडक आला. कोणी काही न बोलता सगळे सरळ वर चढले. साडेदहाला खिंड ओलांडली. पलीकडच्या धनगरवाड्यात तेच आजोबा भेटले. त्यांच्या घरी ताक मिळाले. "आता कुठल्या वाटंनं आलासा?" त्यांनी विचारले आणि स्वतःच खो खो हसले. पुढच्या एका कड्यावर आग्या मोहळे लोंबत होती. तेथून आम्ही तोंडातून शब्द न काढता, हळूहळू गेलो. आवाज, धूर किंवा अत्तराचा वास यांनी त्या माश्या चवताळल्या तर धारेवर पळायला जागा नसते. शेवटचा खडकाळ चढ आला. तेथे अलीकडे लोखंडी शिडी बसवलेली आहे. एकेक जण तिच्यावरून वर गेला, आणि दुपारी दोनच्या आत आम्ही सगळे बुधला माचीवर होतो. गुरुजी सर्वांत शेवटी आले.

शिदोऱ्या सुटल्या. पण तो धीट मुलगा, ज्याने ओढ्याने उतरायचे सुचवले होते, तो जेवायला बसला नाही. माचीच्या तटापासून चार पावले आत उभा राहून तो आलेल्या वाटेकडे पाहत होता. तोरण्यावरून त्या धारेचे उत्तरेकडचे संपूर्ण अंग समोर दिसते. तो बोटाने टेकाडे मोजत होता. खिंडीपासून मागे मागे जात तो एका टेकाडाशी थांबला.

"सर, ते बघा. ती घळ."

मी पाहिले. गर्द झाडीचा एक पट्टा टेकाडाच्या बगलेने गेला होता आणि एका घळीशी संपला होता. घळीच्या खाली थोडी झाडी होती. त्या झाडीच्या खाली मात्र काळा उभा कडा होता. त्याच्या पायथ्याशी तांबडा पट्टा. आणि मग उतार, शेते, व ते कौलारू गाव.

"किती उंच असेल, सर?"

"ताडाएवढा तरी असेल. कदाचित दोन ताडांएवढा."

तो बराच वेळ पाहत राहिला. मग आत येऊन गुरुजींच्या शेजारी बसला, आणि त्यांच्या शिदोरीतली चटणी त्याने न विचारताच आपल्या भाकरीवर घेतली.